सीडी न जाणारा डब्बा: एक्सबॉक्स सिरीज एस, मुक्काम दिग्रस तालुका

एक्सबॉक्स सिरीज एस, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचा मायक्रोसॉफ्टचा डब्बा, यंत्र म्हणून झकास आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे बरीच कुरकुर येणार आहे आणि ती वाचून कोणी या बिचाऱ्या डब्ब्याला नावं ठेवू नयेत. माझी कुरकुर आहे ती असे डब्बे विकणाऱ्या कंपन्यांच्या हिशेबाबद्दल.

माझं कृषी केंद्र आहे. बियाणं, खत, फवारणीची औषधं. रोहिणी लागल्यापासून पोळ्यापर्यंत जेवायला फुरसत मिळत नाही, आणि मार्च ते मे दुकानात गिऱ्हाईक औषधालाही सापडत नाही. त्या रिकाम्या उन्हाळ्यासाठी, आणि सातवीतल्या पोराच्या हातातला मोबाइल सुटावा म्हणून, हा डब्बा घेतला. जुनाच घेतला, अमरावतीच्या एका पोराकडून, सोळा हजारात, दोन रिमोटसकट. नोव्हेंबर २०२० मध्ये नवा आला तेव्हा त्याची किंमत ३४,९९० रुपये होती.

शहरातल्या परीक्षणांमध्ये ज्या गोष्टी कोणी लिहीत नाही, त्या आधी लिहितो. पहिली गोष्ट लाईट. गेम चालू असताना हा डब्बा साधारण ७०-८० वॅट ओढतो. सोनीचा असाच डब्बा, पीएस-५, दोनशेच्या आसपास जातो. त्यामुळे लाईट गेली तरी ३२ इंची टीव्ही, हा डब्बा आणि एक पंखा घरच्या इन्व्हर्टरवर निवांत चालतात. वायरीच्या मधे विटेएवढा अडॅप्टर लोंबकळत नाही. जुन्या टेपरेकॉर्डरला लागायची तीच साधी वायर याला लागते, उंदरानं कुरतडली तर आठवडी बाजाराच्या दिवशी गावातच नवी मिळेल. रिमोटमध्ये दोन पेन्सिल सेल पडतात. शहरातले लोक यावर नाक मुरडतात, २०२० मध्ये कोण सेल वापरतं म्हणून. मी म्हणतो, फार शहाण्या माणसानं हे ठरवलं असणार. सेल कोणत्याही किराणा दुकानात मिळतात. सोनीच्या रिमोटात बॅटरी आत बसवलेली असते. ती थकली की उघडून बदलणारा माणूस शोधत यवतमाळ गाठा.

दुसरी गोष्ट ऊन. एप्रिलमध्ये पारा ४४ च्या वर गेला तेव्हा डब्ब्याच्या काळ्या जाळीतून हाताला चटका बसेल अशी हवा येत होती, पण तो बंद पडला नाही. एक सूचना: कूलरच्या थेट तोंडासमोर ठेवू नका. गार वाटेल त्याला, पण ओल आणि वाळ्याची कुसं आत ओढली जातात.

चित्राबद्दल फार लिहीत नाही. कंपनी याला १४४०पी म्हणते, त्याच्या मोठ्या भावाला, सिरीज एक्सला, फोर-के, म्हणजे आणखी बारीक चित्र. आमच्या टीव्हीला दोघंही सारखेच. खरा फरक मेमरीत आहे: मोठ्यात १६ जीबी, यात १०. हा फरक गेम बनवणाऱ्यांना छळतो. बॉल्डर्स गेट ३ हा गेम पीएस-५ वर सप्टेंबर २०२३ मध्ये आला आणि एक्सबॉक्सवर डिसेंबरात, कारण एकाच टीव्हीवर दोघांनी खेळायची सोय सिरीज एसला पेलेना. शेवटी या डब्ब्यापुरती ती सोय वगळून गेम आला.

आमच्या घरात सगळ्यात जास्त चालतो तो फार्मिंग सिम्युलेटर. शेतकऱ्याच्या घरात शेतीचाच गेम, हसा खुशाल. त्यात सोयाबीन आहे, कपाशीसुद्धा आहे. पोरगा एका मोठ्या यंत्रानं कापूस वेचत होता, वेचलेला कापूस मागून गठ्ठा होऊन पडत होता. बाबा खाटेवरून बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "अन् बाया कोठी हायेत वेचाले?" यंदा वेचणीला बायाच मिळेनात म्हणून त्यांचा जीव मेटाकुटीला आला होता, त्यात नातू एकटाच चाळीस एकर वेचून मोकळा. तेव्हापासून तेही संध्याकाळी विचारतात, आज पेरलं काय म्हणून.

आता कुरकुर.

डब्ब्यावर ५१२ जीबी लिहिलेलं आहे. त्यातले गेमसाठी साधारण ३६४ जीबी उरतात. कॉल ऑफ ड्युटीसारखा एकच गेम शंभर जीबीच्या पुढे जातो. आणि तो शंभर जीबी आणायचा कुठून? डब्ब्याला सीडी घालायची जागाच नाही, सगळं नेटवरून उतरवायचं. मोबाइलचा रोजचा दोन जीबीचा प्याक असेल तर एका गेमला पन्नास दिवस. फायबर म्हणाल तर तालुक्याहून खांबाखांबानं आलेली वायर आहे, आणि तिच्यावर वांदरं झोके घेतात. वायर तुटली की नेटवाल्याचा माणूस "उद्या येतो" म्हणतो, आणि त्याचा उद्या कोणत्या महिन्यात पडतो ते सांगत नाही. म्हणून मी डब्बा पिशवीत घालून अमरावतीला भाच्याच्या खोलीवर नेतो, तिथे रात्रभर गेम भरून घेतो आणि एसटीनं परत आणतो. दोन किलोच्या आतलं वजन आहे, तेवढं बरं.

पुसदला माझ्या साडूकडे जुना पीएस-४ आहे. त्याच्याकडे नेट माझ्याहून वाईट. पण त्याच्या सीड्या चार घरांत फिरतात. एक खेळून झाली की नागपूरला जुनी देऊन वर थोडे पैसे टाकतो, दुसरी घेऊन येतो. साडूचा पोरगा आणि माझा पोरगा एकाच वयाचे. त्याचे खेळून झालेले गेम माझ्या पोराच्या दुप्पट. खेड्यात खेळायचं असेल तर सगळं येऊन त्या सीडीच्या जागेवरच थांबतं, आणि कंपन्या नेमकी तीच जागा बुजवत निघाल्या आहेत.

ही गोष्ट आजची नाही. २०१३ मध्ये एक्सबॉक्स वन येणार होता तेव्हा मायक्रोसॉफ्टनं जाहीर केलं की डब्ब्याला दिवसातून एकदा नेट लागेल आणि जुन्या सीड्यांच्या देवाणघेवाणीवर बंधनं असतील. लोक खवळले. सोनीनं एक छोटा व्हिडिओ काढला: पीएस-४ वर गेम दुसऱ्याला कसा द्यायचा? एक माणूस सीडी दुसऱ्याच्या हातात देतो, झालं. मायक्रोसॉफ्टनं त्याच जूनमध्ये नियम मागे घेतले. वर त्यांचा डब्बा ४९९ डॉलरचा आणि सोनीचा ३९९ चा. त्या पिढीत एक्सबॉक्सला पुन्हा डोकं वर काढता आलं नाही. २०१५ पासून तर त्यांनी किती डब्बे विकले हे सांगणंच बंद केलं.

पण पाहा, जे २०१३ मध्ये नियम करून जमलं नाही ते २०२० मध्ये बिनबोभाट झालं. सिरीज एसला सीडीची जागा नाही. पीएस-५ ची डिजिटल आवृत्ती आली, तिलाही नाही. २०२४ चा पीएस-५ प्रो ७०० डॉलरचा, त्यातही सीडीचा भाग वेगळा विकत घ्या. (आपल्याकडे तो तेव्हा आलाच नाही, त्यातल्या नव्या वायफायला लागणाऱ्या ६ गिगाहर्ट्झच्या लहरींना भारतात परवानगी नव्हती.) निंटेंडोच्या स्विच २ ला कार्ट्रिज आहे, पण तिच्यावरही काही गेम असे निघाले की कार्ट्रिजमध्ये गेम नाहीच, फक्त किल्ली, गेम नेटवरूनच उतरवा. या वेळी २०१३ सारखं कोणी खवळलं नाही. स्वस्त डब्बा म्हटल्यावर कोण खवळणार, मीही सोळा हजार मोजून आलोच.

स्वस्त का, ते त्यांच्याच माणसानं सांगितलेलं आहे. एक्सबॉक्सचे तेव्हाचे प्रमुख फिल स्पेन्सर २०२२ मध्ये म्हणाले होते की एका डब्ब्यामागे कंपनी १०० ते २०० डॉलर पदरचे घालते. ते भरून निघतात पुढे, त्यांच्या ऑनलाइन दुकानात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गेममागे साधारण ३० टक्के कापून. जुन्या सीडीच्या विक्रीत त्यांना दमडी मिळत नाही. सीडीची जागा बुजवली की प्रत्येक गेम त्यांच्याच दुकानातून. दुकानदार म्हणून मला हा हिशेब कळतो. गिऱ्हाईक म्हणून पटत नाही.

यावर भाऊबीजेला माझं आणि भाच्याचं वाजलं. तो अमरावतीला इंजिनिअरिंगला आहे. बहीण ओवाळायला बसली तरी याचं चालूच.

"मामा, डब्बा इकाचा धंदा आता राह्यलाच नाही," तो म्हणाला. "मायक्रोसॉफ्ट बराबर करून राह्यलं. मोबाइल, लॅपटॉप, टीव्ही, घरात जे हाय त्याच्यावर गेम द्या. लोकायले डब्बा घ्याले काहाले लावाचं?"

"अन् मंग गेम येईन कोठून? वांदराच्या शेपटीवरून?"

"नेट सुधरते ना मामा. जिओ याच्या आधी तुमच्या गावात काय होतं?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण २०१६ च्या आधी खरंच काही नव्हतं. आणि त्याचा दुसरा मुद्दाही बिनतोड होता. घरात टीव्ही एक. संध्याकाळी सातपासून दहापर्यंत तो आईच्या मालिकांचा. त्या वेळात एक्सबॉक्सला हात लावायची कोणाची छाती नाही. तेव्हा पोरगा पुन्हा मोबाइलवर बीजीएमआय काढून बसतो, ज्याच्यापासून सोडवायला डब्बा आणला होता. भारतातल्या खेड्यात कन्सोलची, म्हणजे या डब्ब्यांची, लढत दुसऱ्या कन्सोलशी नाहीच. ती फुकटात मिळणाऱ्या, प्रत्येकाच्या खिशात असलेल्या गेमशी आहे, आणि ती कन्सोल केव्हाच हरला आहे.

भाच्याचं म्हणणं असं: मायक्रोसॉफ्टनं ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड ही गेम बनवणारी कंपनी २०२३ मध्ये विकत घेतली, ६,८७० कोटी डॉलर मोजून. एवढा पैसा काय फक्त आपल्या डब्बेवाल्यांना गेम विकून निघणार? मग सोनीच्याही डब्ब्यावर विका. आणि तसंच झालं. मायक्रोसॉफ्टचाच फोर्झा होरायझन ५ हा गेम एप्रिल २०२५ मध्ये पीएस-५ वर आला. त्याच वर्षीची दिवाळी सरता सरता बातमी आली की हेलोसुद्धा २०२६ मध्ये पीएस-५ वर येणार. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हेलो म्हणजे ज्या गेमसाठी २००१ मध्ये लोकांनी पहिला एक्सबॉक्स घेतला तो. तोही गेला म्हटल्यावर डब्बा घ्यायचं कारण काय उरलं? आठवड्याच्या आतच कंपनीचा तिमाही हिशेब आला, एक्सबॉक्सच्या डब्ब्यांची कमाई २९ टक्क्यांनी घसरलेली. भाचा म्हणतो, ठरवून चाललंय. मी म्हणतो, हरल्यावर सगळेच ठरवून चाललंय म्हणतात.

सेगाचं उदाहरण त्यानंच काढलं. सेगानं जानेवारी २००१ मध्ये आपला ड्रीमकास्ट हा डब्बा बंद करायचं जाहीर करून डब्ब्यांचा धंदा सोडला, आणि आज त्यांचा सॉनिक निंटेंडोवर सुखानं उड्या मारतो. खरं आहे. पण सेगाचे पैसे संपले होते. मायक्रोसॉफ्टचे पैसे संपायचे नाहीत, म्हणून ते धड सोडतही नाहीत आणि धड धरतही नाहीत. पुढचा डब्बा चिपवाल्या एएमडीसोबत बनवतोय असं सांगतात, आणि २०२५ च्या ऑक्टोबरात आसुसनं बनवलेला, हातात धरायचा, विंडोजवर चालणारा संगणक एक्सबॉक्सच्या नावानं काढतात. स्वस्तातला ६०० डॉलरचा, चांगला १००० डॉलरचा. सिरीज एस ज्यांच्यासाठी काढला होता त्या गिऱ्हाइकाचं त्यात नावही नाही.

माझा खरा राग गेम पासवर आहे, कारण आधी तोच मला सगळ्यात आवडला होता. महिन्याचे पैसे भरा, शेकडो गेम खेळा. सीडी नाही तर नाही, ही सोय आहे असं वाटलं. मग १ ऑक्टोबर २०२५ ला सगळ्यात वरच्या प्याकचा भाव आपल्याकडे ८२९ वरून १,३८९ रुपये झाला. त्या भावानं वर्षाचे झाले १६,६६८. मला डब्बा पडला सोळा हजाराला! हे मक्त्याच्या शेतीसारखं आहे. पीक येतं तोवर शेत आपलंच वाटतं. पुढच्या वर्षी मालकानं मक्ता वाढवला की द्या नाहीतर धुऱ्यावरून खाली उतरा, आणि तुम्ही घातलेलं शेणखत तिथंच राहतं. खालचे प्याक तेव्हा होते, ४९९ आणि ६९९ चे, पण नवे मोठे गेम पहिल्या दिवशी हवे असतील तर वरचाच घ्यावा लागायचा. मी बंद केला. दोन-तीन गेम सवलतीत विकत घेऊन ठेवले आहेत. तेही खऱ्या अर्थानं विकत नाहीत म्हणा, परवाना असतो. २९ जुलै २०२४ ला एक्सबॉक्स ३६० चं ऑनलाइन दुकान बंद झालं. घेतलेले गेम अजून उतरवता येतात, नवे घेता येत नाहीत. साडूच्या सीडीला असलं काही होत नाही, पोरांनी तिच्यावर ताट ठेवलं नाही तर.

सोनी फार शहाणी आहे असं नाही. सप्टेंबर २०२५ पर्यंत ८ कोटी ४२ लाख पीएस-५ विकले म्हणून ऐट आहे. पण कायम ऑनलाइन चालणाऱ्या गेमच्या मागे लागून कॉनकॉर्ड काढला, २३ ऑगस्ट २०२४ ला बाजारात, ६ सप्टेंबरला बंद, लोकांचे पैसे परत. पूर्वी कन्सोल जुना झाला की स्वस्त व्हायचा. आता पाच वर्षांचा डब्बा महाग होतो. अमेरिकेत २०२५ मध्ये सोनीनंही भाव वाढवले आणि मायक्रोसॉफ्टनं तर दोनदा. २९९ डॉलरचा हा सिरीज एस तिथे ४०० चा झाला. शिवाय भारताकडे पाहायची सोनीची पूर्वीची नजर गेली. पीएस-२ च्या दिवसांत, २००९ मध्ये, त्यांनी खास आपल्यासाठी हनुमानाचा गेम काढला होता, हैदराबादेत बनलेला. गेम सुमार होता. पण खेड्यातलं पोरगंही गिऱ्हाईक आहे, हे कोणाच्या तरी डोक्यात होतं.

निंटेंडोचं मला सगळ्यात जास्त कौतुक आणि सगळ्यात कमी उपयोग. १८८९ मध्ये क्योटोत पत्ते बनवत सुरू झालेली कंपनी. त्यांचा वी यू हा डब्बा जेमतेम १ कोटी ३५ लाख विकला गेला, लोक म्हणाले आता डब्बा सोडा, मोबाइलवर गेम काढा. त्यांनी स्विच काढला आणि तो १५ कोटींच्या वर गेला. मारिओ हवा तर आमचाच डब्बा घ्या, हे धोरण सोडलं नाही. भाच्याच्या "डब्ब्याचा धंदा संपला" या म्हणण्याला माझं एवढंच उत्तर, स्विच २ जून २०२५ मध्ये आला आणि सप्टेंबरअखेर १ कोटी ३ लाखांवर गेला. फक्त भारतात ते अधिकृतपणे विकतच नाहीत. लहानपणी आम्ही जो मारिओ खेळलो तोसुद्धा नकली डब्ब्यावर, पिवळ्या कार्ट्रिजवर "९९९९ इन १" लिहिलेलं असायचं आणि आत खरे गेम बोटांवर मोजण्याइतके.

मला विचाराल तर पुढच्या दहा वर्षांत डब्बे राहतील, दोनच कंपन्यांचे, आणि महाग होतील. तिसरी कंपनी गेमची सगळ्यात मोठी मक्तेदार होईल आणि एक्सबॉक्स हे नाव कशावरही चिकटवेल. भाचा म्हणतो, तोवर तुमच्या गावात नेट येईल आणि तुम्हीच डब्बा भंगारात द्याल. पाहू.

घ्यायचा की नाही? घरात धड फायबर असेल आणि जुना सिरीज एस पंधरा-सोळा हजारात मिळत असेल तर घ्या, या पैशात याहून चांगलं नवं काही नाही. नव्याला मी आज पैसे घालणार नाही. जुना घेताना विकणाऱ्याचं अकाउंट तुमच्यासमोर काढायला लावा, आणि पहिल्यांदा चालू करायला नेट लागतंच हे ध्यानात ठेवा. नेट वांदरांच्या मर्जीवर असेल तर सीडीवाला पीएस-४ शोधा, किंवा पैसे असतील तर सीडीवाला पीएस-५. जुन्या पीएस-४ च्या सीड्या त्यात चालतात. १९ नोव्हेंबर २०२६ ला जीटीए ६ हा गेम येणार म्हणतात, दोनदा पुढे ढकलून. पीएस-५ वर येणार, आमच्या या डब्ब्यावरही येणार. साडू त्यासाठी पीएस-५ घ्यायच्या तयारीत आहे. त्याच्या पीएस-४ ची किंमत मी आत्ताच ठरवून ठेवली, सीड्यांसकट.